एका मार्काचं उत्तर



शनिवारचा शेवटचा तास आठवतोय ना? सामान्य ज्ञानाचा. सर वहीतून प्रश्न वाचायचे आणि आपण बेंचवर अर्धवट उभं राहून ओरडायचो. जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी कोणत्या साली घेतला? वाफेच्या इंजिनाशी कोणाचं नाव जोडलं जातं? मग एक प्रश्न असा यायचा की अख्खा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र कुठे आहे? हे उत्तर आपल्याला पाठ करावं लागलं नव्हतं. समुद्रावर गेलं की त्याची चिमणी दिसायची. आपल्यापैकी निम्म्यांचे बाबा सकाळी प्लॅन्टच्या बसने तिथेच जायचे.

पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक कोण? डॉ. होमी भाभा. एक मार्क. पुढचा प्रश्न.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असं समितीने सांगितलं तेव्हा मी आधी आपल्या सहलींवर लिहिणार होते. पण त्याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर तो भाभांच्या विमानाचा फॉरवर्ड पुन्हा फिरला, त्यावर तीस-चाळीस मेसेज आले, आणि शेवटी पोफरणच्या आपल्या मैत्रिणीने एकच ओळ लिहिली: ह्या माणसाने आपल्या प्लॅन्टची वीज बघितली होती का गं? कोणीच उत्तर दिलं नाही. मलाही नक्की माहीत नव्हतं. कॉलनीत वाढलेली, इंजिनियर झालेली, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली मी, आणि मला ह्या माणसाबद्दल एका मार्काएवढंच ठाऊक होतं. म्हणून वाचायला बसले. जे कळलं ते इथे सांगते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर वकील होते. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. आईचं नाव मेहेरबाई, आणि आत्याचंही मेहेरबाईच. ही आत्या म्हणजे सर दोराबजी टाटांची पत्नी. घरात पुस्तकं होती, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डी होत्या आणि टाटांच्या घरी ये-जा होती. पोलाद, वीज, कारखाने असे विषय मोठ्यांच्या बोलण्यात जेवताना निघायचे. आपल्या घरी शिफ्ट आणि ओव्हरटाइमचे विषय निघायचे, तसंच हे समजा, फक्त कारखाना त्यांच्या मालकीचा. लहानपणी होमीला झोप फार कमी लागायची. काळजीने आईवडिलांनी परदेशातल्या डॉक्टरला दाखवलं. मुलगा धडधाकट आहे, त्याचं डोकं जरा जास्त चालतं एवढंच, असं निदान झाल्याची गोष्ट सांगतात. मेकॅनोचे तुकडे जोडून तो पुस्तकात नसलेल्या आकृत्या बनवायचा. चित्रं काढायचा. तासन्‌तास संगीत ऐकायचा.

कॅथेड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं शिक्षण मुंबईत झालं, आणि १९२७ साली होमी केंब्रिजला गेला. कशासाठी? मेकॅनिकल इंजिनियरिंगसाठी. घरच्यांचा बेत सरळ होता. इंजिनियर होऊन परत यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या जागेवर बसायचं. नोकरी ठरलेली, रस्ता ठरलेला.

पण केंब्रिज त्या काळात भौतिकशास्त्राने पेटलेलं होतं. पॉल डिरॅक तिथेच होते. वय पंचविशीतलं, आणि इलेक्ट्रॉनचं गणित त्यांनी नव्याने मांडलं होतं. होमीचं मन इंजिनियरिंगमधून उडालं. १९२८ साली त्याने वडिलांना पत्र लिहून स्पष्ट सांगितलं की मला धंदा किंवा इंजिनियरची नोकरी जमणार नाही, माझा जीव फिजिक्समध्ये आहे, आणि ते मी करणारच.

आपल्यातल्या किती जणांनी असं पत्र मनातल्या मनात लिहिलं असेल! मला स्वतःला बारावीनंतर काय हवंय हे कोणी विचारलं नव्हतं. मार्क पडले, इंजिनियरिंगला गेले. होमीच्या वडिलांनी मात्र मधला मार्ग काढला. आधी इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग हवं तर गणितासाठी मी पैसे देतो. १९३० साली मेकॅनिकलमध्ये पहिला वर्ग आला. वडिलांनी शब्द पाळला. दोन वर्षांनी गणितातही पहिला वर्ग आला. पुढे शिष्यवृत्त्यांवर झुरिचला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला बोर यांच्याकडे काम करता आलं. १९३५च्या सुमारास डॉक्टरेट झाली.

भाभांचं नाव जगाच्या पुस्तकांत पक्कं झालं ते ह्याच वर्षांत, अणुभट्टीशी त्यांचा काडीचा संबंध यायच्या आधी. इलेक्ट्रॉनचा एक जुळा भाऊ असतो, वजनाने तेवढाच पण विद्युतभार उलटा. त्याला पॉझिट्रॉन म्हणतात. हे दोघे एकमेकांवर आदळले तर कोणत्या कोनात किती विखुरतील, याचं गणित भाभांनी मांडलं. त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळवणाऱ्या मोठ्या यंत्रांमध्ये एकूण किती टकरा झाल्या हे मोजायला आजही हेच गणित लागतं.

दुसरं काम १९३७चं, हाइटलर यांच्यासोबतचं. अवकाशातून विश्वकिरण सतत पृथ्वीवर येत असतात. वातावरणात शिरलेला एक जोरदार इलेक्ट्रॉन वाटेत प्रकाशाचा कण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी तयार होते. ते दोघे पुन्हा प्रकाशकण टाकतात, त्यातून पुन्हा जोड्या. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. ऊर्जा वाटली जाऊन संपत येईपर्यंत ही फांदी वाढत जाते आणि खाली कणांची सर कोसळते. आपल्याकडे वळवाची सर येते ना, वर एक ढग आणि खाली अख्खं अंगण ओलं, तसंच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या कामातला ट्री दिसला. तो तीसच्या दशकात कागद-पेन्सिलीने सोडवलाय, कॉम्प्युटरशिवाय.

मग १९३९ आलं. भाभा सुट्टीवर भारतात आलेले असताना युरोपात युद्ध पेटलं. परत जाता येईना. कसं असतं बघा, काही आठवड्यांची सुट्टी ठरवलेली आणि आयुष्याची दिशाच बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. तिथे सी. व्ही. रामन होते, तरुण विक्रम साराभाई होते. भाभांनी विश्वकिरणांवर काम सुरू केलं. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परत जाणं अगदी शक्य होतं, आणि सुरुवातीला त्यांचा विचारही तोच होता. पण ह्या पाच-सहा वर्षांत ते देशात फिरले, इथली शिल्पं-लेणी पाहिली, इथली मुलं पाहिली, आणि विचार बदलला.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र पाठवलं. मूलभूत भौतिकशास्त्राचं उत्तम केंद्र भारतात उभं करायला मदत द्या, अशी मागणी होती. त्यात त्यांचं एक म्हणणं असं होतं की वीसेक वर्षांनी अणुशक्तीपासून वीज बनू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागू नये, ते इथेच तयार असावेत. तारीख पुन्हा बघा. हिरोशिमाला अजून सतरा महिने होते. अणूमधून शक्ती काढता येते हे सामान्य माणसाने ऐकलंही नव्हतं. देश पारतंत्र्यात होता, बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मेली होती, आणि हा पस्तिशीही न गाठलेला माणूस वीस वर्षांनंतरच्या विजेसाठी माणसं घडवायला पैसे मागत होता.

पैसे मिळाले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, आधी बंगळुरूला आणि त्याच वर्षअखेर मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या नात्यातल्याच एका बंगल्यात. मग गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आणि शेवटी कुलाब्याला समुद्रकाठी स्वतःच्या इमारतीत. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंशी त्यांचा सूर जुळला. १९४८च्या ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग नेमला गेला आणि भाभा अध्यक्ष झाले. १९५४ साली अणुऊर्जा खातं निघालं. ते थेट पंतप्रधानांच्या हाताखाली होतं आणि भाभा त्याचे सचिव. त्याच वर्षी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, काम सुरू झालं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. आशियातल्या पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी ही एक. इंधन ब्रिटनमधून आलं होतं, बांधणी आपली. १९५७ साली भाभांनी तिथे ट्रेनिंग स्कूल काढलं. दरवर्षी देशभरातून इंजिनियर आणि सायन्सची मुलं निवडून त्यांना वर्षभर शिकवायचं आणि मग कामाला लावायचं. आपल्या कॉलनीतले कितीतरी काका ह्याच शाळेतून आले होते. दक्षिणेतले, बंगालचे, उत्तरेचे. आपल्या बोईसरमध्ये तेव्हाही दहा भाषा ऐकू यायच्या, त्याचं एक कारण हे आहे. दुसरं अर्थातच एमआयडीसी.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतात बनलेला पहिला मोठा डिजिटल कॉम्प्युटर भाभांच्याच संस्थेत तयार झाला. नाव टिफ्रॅक. १९६० साली तो पूर्ण क्षमतेने चालू झाला. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशोब केला तर साधारण १० किलोबाइट. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा सुप्रभातचा एक फोटोही त्यात मावणार नाही. पण बनवणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी त्याआधी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिला नव्हता. भाभांची कामाची पद्धत अशीच होती. आधी योग्य माणूस शोधायचा, मग त्याच्याभोवती काम उभं करायचं. पुढे देशात इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग कसा वाढवावा यासाठी सरकारने समिती नेमली, तिचेही अध्यक्ष भाभाच होते. आज मी ज्या क्षेत्रात पगार घेते त्याच्या पायात त्यांचा एक दगड आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

शिवाय हा माणूस फक्त फायलींत अडकलेला नव्हता. सहकाऱ्यांची रेखाचित्रं काढायचा, ऑपेरा ऐकायचा. कुलाब्याच्या इमारतीत त्याने तेव्हाच्या नव्या चित्रकारांची चित्रं विकत घेऊन लावली, आणि आतल्या मोठ्या भिंतीवर हुसेन यांचं भव्य चित्र आहे. रस्ता रुंद करताना किंवा बांधकामासाठी मोठी झाडं तोडली जाणार असं कळलं की ती मुळासकट हलवून आपल्या संस्थेच्या आवारात लावायला लावायचा. लग्न केलं नाही. मित्र मोजके. राहणी साहेबी होती आणि ती कधी लपवली नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. भाभांचा मूळ आराखडा तीन टप्प्यांचा होता. आपल्याकडे युरेनियम थोडं आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर. म्हणून पहिल्या टप्प्यात साधं युरेनियम वापरून वीज काढायची आणि त्यातून प्लुटोनियम मिळवायचं. दुसऱ्या टप्प्यात प्लुटोनियमवर चालणाऱ्या, आणि जळतं त्यापेक्षा जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्ट्या. तिसऱ्या टप्प्यात थोरियम. मग कोणाकडे हात पसरायला नको.

गंमत अशी की आपलं तारापूर ह्या आराखड्यात बसतच नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, साध्या पाण्याच्या आणि समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. हे युरेनियम तेव्हा आपल्याला बनवता येत नव्हतं, तेही अमेरिकेतूनच यायचं होतं. १९६३ साली भारत-अमेरिका करार झाला, १९६४ साली कंत्राट दिलं गेलं. पैसा बराचसा अमेरिकेच्या कर्जाचा. १९४४च्या पत्रात परदेशी तज्ज्ञ नकोत म्हणणाऱ्या माणसाने बरोबर वीस वर्षांनी परदेशी भट्टी मागवली.

का? तर त्यांना घाई होती. अणुवीज परवडते हे लवकर दाखवलं नाही तर पुढच्या टप्प्यांसाठी सरकार पैसे देणार नाही, हे ते ओळखून होते. तयार भट्टी आणायची, आपल्या माणसांनी ती चालवायला शिकायचं आणि तोवर घरचं तंत्रज्ञान विकसित करायचं, असा हिशोब होता. जागेचाही हिशोब होता. मुंबई, बडोदा, अहमदाबादच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि कोळशाच्या खाणी शेकडो मैल लांब पूर्वेला. रेल्वेने कोळसा आणण्याचा खर्च मोठा. आपला किनारा मुंबईपासून १०० किलोमीटरच्या आसपास, पायाला भक्कम खडक, वाफ थंड करायला अख्खा अरबी समुद्र, आणि १९६० साली वेगळ्या झालेल्या महाराष्ट्र-गुजरात दोन्ही राज्यांना तारा ओढायला सोयीचं. नकाशावर बोट ठेवलं गेलं ते असं. तेव्हा इथे वाडी होती, भातखाचरं होती, बोंबील सुकवायच्या वलांडी होत्या आणि डायमेकिंगच्या लहान कार्यशाळा होत्या. जिल्हा ठाणे, तालुका पालघर, जसं आपण वह्यांवर लिहायचो.

१९६४च्या शेवटी बांधकाम सुरू झालं. त्याच ऑक्टोबरमध्ये चीनने अणुचाचणी केली. भाभांनी आकाशवाणीवरून बोलताना अणुबॉम्बला खर्च फार येत नाही असा हिशोब मांडला, आणि पुढच्या वर्षी सरकारने ठरवलं तर अठरा महिन्यांत तो बनवता येईल असंही सूचित केलं. शांततेसाठी अणू, म्हणून १९५५ साली जिनिव्हाच्या जागतिक परिषदेचं अध्यक्षपद भूषवलेला हाच माणूस. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या. एक सांगायची आणि दुसरी लपवायची असं करून चालणार नाही.

त्यांचे अंदाज चुकलेसुद्धा. वीस वर्षांत सूर्यासारखी अणुसंमीलनाची शक्ती ताब्यात येईल, असं त्यांनी १९५५ साली सांगितलं होतं. सत्तर वर्षं झाली, अजून आलेली नाही. १९८० पर्यंत ८,००० मेगावॉट अणुवीज होईल म्हणाले होते. प्रत्यक्षात १९८० साली त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीही क्षमता नव्हती. तीन टप्प्यांतला थोरियमचा टप्पा अजून पुढेच आहे. आमच्या कामात ह्याला डेडलाइन हुकणं म्हणतात, आणि एवढी हुकली तर मीटिंगमध्ये मान खाली घालून बसावं लागतं.

आता त्या फॉरवर्डबद्दल. २४ जानेवारी १९६६. तेरा दिवसांपूर्वी ताश्कंदला शास्त्रीजी गेले होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेणार होत्या. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव कांचनजंगा, मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला उतरणार होतं. सकाळी ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराजवळ आदळलं. ११७ जण होते, कोणी वाचलं नाही. १९५० साली एअर इंडियाचंच मलबार प्रिन्सेस हे विमान त्याच डोंगरावर आदळलं होतं.

घातपात होता, अमुक गुप्तहेर संस्थेने केला, असं आपला फॉरवर्ड छातीठोकपणे सांगतो. फ्रेंच चौकशीत जे समोर आलं ते कमी थरारक आहे, पण मला जास्त खरं वाटतं. विमानातला दिशा दाखवणारा एक रिसीव्हर बंद पडला होता. आपण डोंगराच्या संदर्भात नेमके कुठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. जमिनीवरच्या रडारवाल्याने दुरुस्ती सांगितली, पण वैमानिकाने तिचा अर्थ वेगळा घेतला. शिखर मागे पडलं असं समजून विमान खाली घेतलं गेलं. ज्यांनी आयुष्यात कधी प्रोजेक्टवर काम केलंय त्यांना कळेल, पाठवलेला निरोप आणि समजलेला निरोप यांच्यात किती माणसं मरू शकतात. २०१२ साली त्या हिमनदीतून परराष्ट्र मंत्रालयाची एक टपालाची पिशवी वर आली, सेहेचाळीस वर्षांनी. बर्फाने वर्तमानपत्रं परत केली.

भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. म्हणजे आपल्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनीच मोठे.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. त्यांनी आपल्या प्लॅन्टची वीज बघितली नाही. ते गेले तेव्हा इथे बांधकाम चालू होतं. भट्ट्या पेटल्या १९६९च्या फेब्रुवारीत, २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज रीतसर विकली जाऊ लागली, आणि जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींनी केंद्र देशाला अर्पण केलं. ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव त्याआधीच, १९६७ साली दिलं गेलं होतं.

पुढचं आपण डोळ्यांनी पाहिलं, किंवा घरात ऐकलं. १९७४च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधनाला हात आखडता घेतला, मग फ्रान्स, मग इतर देश. सुटे भाग येईनात तेव्हा ते इथेच बनवायला शिकावं लागलं. माझे बाबा टर्बाइन सेक्शनला होते. आपल्या ह्या भट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ थेट टर्बाइनला जाते, म्हणून टर्बाइनच्या जवळ काम करतानाही छातीला बॅज लावून किरणोत्सर्गाचा हिशोब ठेवावा लागतो, हे मला सातवीतच माहीत होतं. ते घरी आल्यावर आधी आंघोळ करायचे, मग बोलायचे. आई काही विचारायची नाही. भाभांच्या घाईची किंमत आणि फायदा दोन्ही आमच्या घरात एकाच ताटात जेवले.

आणि दुसरी किंमत तू दिलीस. तिसरी आणि चौथी भट्टी आली, ५४० मेगावॉटच्या, आपल्याच देशात आखलेल्या आणि बांधलेल्या. भाभांना जसं हवं होतं अगदी तसं, साध्या युरेनियमवर चालणाऱ्या. २००५ आणि २००६ साली त्या वीज देऊ लागल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. तुझं अंगण, जिथे आपण सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी खाल्ली, ते आता नाही. गाव नव्या वसाहतीत गेलं, समुद्र राहिला तिथेच. ह्यातलं काही भाभांनी केलं नाही, ते जाऊन चाळीस वर्षं झाली होती. पण देशासाठी म्हणून आखलेल्या मोठ्या नकाशावर एक बारीक ठिपका असतो, आणि त्या ठिपक्यात कोणाची तरी चूल असते. नकाशा आखणाऱ्याला तो ठिपका दिसला होता का, हे मी शोधलं. त्यांच्या चरित्रांत मला ते सापडलं नाही.

मी त्यांना मोठा माणूस मानते, वाचल्यानंतर आधीपेक्षा जास्त. ठरलेली खुर्ची सोडून आवडीचं काम निवडणारा, वीस वर्षं पुढचं बघणारा, झाडं वाचवणारा, भिंतीवर चित्रं लावणारा, माणसं घडवणारा, आणि बऱ्याच ठिकाणी चुकलेला. एका मार्कात हे मावत नव्हतं, आणि सरांचीही त्यात चूक नव्हती, तास चाळीस मिनिटांचाच होता.

एक सुचवते. स्नेहसंमेलनात दुपारच्या जेवणानंतर सामान्य ज्ञानाचा तास ठेवला आहे ना? तेव्हा सर, तो प्रश्न पुन्हा विचारा. ह्या वेळी उत्तर द्यायला मी उठणार नाही. पोफरणवालीला उठवा, आणि तिला हवा तेवढा वेळ द्या.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९९६